हौद्याला स्प्रे लायनर मारून घेतला: कुठला घ्यावा, कुणाकडून घ्यावा आणि वापरून काय कळलं

पिकअपच्या हौद्याला स्प्रे-इन लायनर, म्हणजे पत्र्यावर फवारून चिकटवायचा जाड संरक्षक थर, मारायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या कंपनीचा मारू? आणि उत्तरं पण ठरलेली, अर्धे लोक लाइन-एक्स म्हणतात, अर्धे राइनो म्हणतात, मग मधेच कोणीतरी सांगतं की अरे रॅप्टरच्या बाटल्या आण आणि घरीच मार, एवढे पैसे कशाला घालवतोस. मी हाय-प्रेशरवाला गरम स्प्रे मारून घेतलाय. गाडी कामाची आहे, मिरवायची नाही, हौद्यात लोखंडी पाइप, वाळूच्या गोण्या, कधी जनरेटर असं सगळं आदळत असतं, त्यामुळे यातलं काय खरं चांगलं आणि काय नुसतं जाहिरातीत चांगलं ते बऱ्यापैकी कळलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, डब्यावरचं नाव नंतर बघा, आधी दोन गोष्टी बघा, तुम्ही हौद्यात काय टाकता आणि ज्याच्याकडे मारून घेताय तो माणूस गन हातात घ्यायच्या आधी काय करतो.

कारण लायनरचे पोपडे निघतात ते बहुतेक वेळा माल हलका होता म्हणून नाही, खालचा पत्रा नीट घासलेला नव्हता म्हणून निघतात. नव्या गाडीच्या हौद्यावर कंपनीचा चकचकीत क्लियर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असतो, त्यावर काहीही मारा, ते वर नुसतं बसतं, धरत नाही. म्हणून आधी हुक, कड्या, फाळक्याच्या केबल, जे जे नटबोल्ट खोलून निघतं ते सगळं काढायचं, मग वॅक्स आणि ग्रीस काढणारं सॉल्व्हंट घेऊन हौदा पुसायचा, आणि हे घासायच्या आधी बरं का, नाहीतर पॉलिश पेपर तीच ग्रीस ओरखड्यांमध्ये भरत जातो. मग घासणं. सपाट जागेवर मशीन फिरवायला काही अक्कल लागत नाही, कस लागतो तो कोपऱ्यांमध्ये, तळाच्या लांब खाचांच्या कडेला, चाकाच्या फुगवट्याच्या मागे, पुढच्या भिंतीच्या खालच्या सांध्यात. तिथे मशीन शिरत नाही, हातानंच घासावं लागतं, आणि नेमका तिथेच माणूस कंटाळतो. पाणी पण तिथेच साचतं, म्हणजे लायनर सुटायला सुरुवात होते ती पण तिथूनच.

मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. एका दुकानात सांगितलं की साहेब नवी गाडी आहे, घासायची काही गरज नाही, आमचा प्रायमर पकडतो. आता न घासता पकडणारे प्रायमर बाजारात असतात हे खरं आहे, पण त्याला विचारलं प्रायमर कुठला, किती वेळात त्यावर स्प्रे मारायचा, तर उत्तर नाही, नुसतं होऊन जाईल हो. तिथून निघालो. जिथे मारून घेतला तिथे विचारलं, की भाऊ घासून झालं की मास्किंगच्या (जिथे मारायचं नाही तो भाग झाकायच्या) आधी एकदा बघू देणार का, तर म्हणाला या की, बघा. एवढंच पाहिजे होतं. जाऊन बघितलं तर सगळा हौदा दुधी दिसत होता, कुठेच चमक नाही, कोपऱ्यात पण नाही. चमक दिसली की समजायचं तिथे पेपर लागलेला नाही, ही साधी परीक्षा कोणालाही करता येते, त्यासाठी मेकॅनिक असायला नको.

अजून एक करा, त्याच दुकानानं आधी मारलेली एखादी जुनी, वापरातली गाडी दाखव म्हणा. मधला भाग बघूच नका, मधला सगळ्यांचाच चांगला येतो. फाळक्याची खालची कड बघा, पाणी जायची भोकं उघडी आहेत की लायनरनं बुजलीत ते बघा, रेलच्या, म्हणजे हौद्याच्या भिंतीच्या वरच्या काठाच्या, कडेला नख घालून बघा थर उचलतो का. कडा कशा कापतात ते मला आधी माहीत नव्हतं, फार मजेशीर काम आहे. मास्किंगच्या रेषेवर एक टेप लावतात ज्याच्या कडेत बारीक तार असते, स्प्रे मारून झाला आणि थर अजून पूर्ण कडक व्हायचाय तेवढ्यात ती तार ओढत न्यायची, ती थर कापत जाते आणि खाली सरळ रेष उरते. ओढायला उशीर झाला की तार अडकते नाहीतर कड फाटते, लवकर ओढली तर माल परत एकमेकांत मिसळतो. माझ्या डाव्या रेलच्या टोकाला कड थोडी नागमोडी आलीय. दाखवलं तर म्हणाला आता ब्लेड चालवलं तर खालचा रंग जाईल, आणि ते बरोबरच आहे म्हणून सोडून दिलं, पण नजर जाते तिकडे, काय करणार.

आता थोडी केमिस्ट्री, घाबरू नका. दुकानात मारतात ते लायनर दोन भागांचे असतात, एका ड्रममध्ये आयसोसायनेट, दुसऱ्यात रेझिन. रेझिनमध्ये पॉलिऑल असेल तर बनतं पॉलियुरेथेन, अमाइन असेल तर पॉलियुरिया, आणि दोन्ही असेल तर हायब्रिड. फरक कुठे पडतो, तर वेगात. पॉलियुरिया काही सेकंदांत घट्ट होतो, म्हणून उभ्या भिंतीवर पण ओघळत नाही. पॉलियुरेथेन सावकाश घट्ट होतं आणि त्याचं पाण्याशी जमत नाही, आयसोसायनेटला हवेतली ओल किंवा पत्र्यावरचं पाणी सापडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे नाहीतर टाचणीएवढी भोकं राहतात. म्हणून पावसाळी हवेत पॉलियुरेथेन मारणारा माणूस जास्त काळजी घेणारा लागतो. पण पॉलियुरियाचा वेग हा नुसता फायदाच असं पण नाही, एवढ्या पटकन घट्ट होणाऱ्या मालाला पत्र्याच्या ओरखड्यांत शिरायला वेळच मिळत नाही, म्हणजे परत गाडी घासण्यावरच येते.

हाय-प्रेशर म्हणजे दोन्ही भाग साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला गरम करून १५०० ते ३००० पीएसआयच्या दाबानं गनपर्यंत आणायचे आणि ते थेट गनच्या तोंडाशी एकमेकांवर आदळून मिसळतात. लो-प्रेशरमध्ये जोडीच्या नळ्या नाहीतर छोटा पंप असतो, माल गरम केलेला नसतो किंवा थोडासाच कोमट, घट्ट व्हायला वेळ लागतो. हाय-प्रेशरनं थर दाट आणि एकसारखा येतो, पण मशीन महाग, आणि दोन पंपांपैकी एक जरी कमी-जास्त ओढायला लागला की प्रमाण बिघडतं, मग कुठेतरी एखादा पट्टा चिकटच राहतो, नाहीतर उलट ठिसूळ होतो. गाडी ताब्यात घेताना सगळीकडून हात फिरवा, कुठे बोट चिकटलं तर तिथल्या तिथे दाखवा, नंतर सुकेल वगैरे ऐकू नका. प्रमाण चुकलेला माल नंतर सुधारत नाही.

लाइन-एक्स की राइनो याचं खरं उत्तर कडकपणात आहे, नावात नाही. राइनो १९८८ पासून या धंद्यात आहे आणि त्यांचा जुना प्रसिद्ध माल जाड आणि रबरासारखा मऊ, शोर ए या कडकपणाच्या मापात साधारण ८५-९०. लाइन-एक्स १९९३ चं, त्यांचा नेहमीचा माल कडक, शोर डी मापात ६० च्या आसपास. शोर ए आणि शोर डी ही दोन वेगळी मापं आहेत, ९० हा ६० पेक्षा मोठा म्हणून जास्त कडक असा हिशोब लावू नका, उलट आहे. आणि आता राइनोकडे कडक प्रकार पण मिळतो, म्हणजे नावावरून भांडण्यात तसाही अर्थ उरलेला नाही. मऊ लायनरवर सामान सरकत नाही, आदळलं तर दणका थोडा कमी बसतो, आवाज कमी येतो, पण धारदार कोपऱ्याचं लोखंड ओढलं तर चिरतो. कडक लायनर सहजी चिरत नाही, त्यावरून पेटी सरकवून आत ढकलता येते, फावडं मारून वाळू काढता येते, पण न बांधलेला हलका डबा वळणावर इकडून तिकडे फिरतो. मी लोखंड आणि वाळू वाहतो म्हणून कडक घेतला. तुम्ही फर्निचर, सायकली, कुत्रा असलं काही नेत असाल तर मऊच घ्या, किंवा कडक घेऊन वर सुटा रबर मॅट टाका, तो उपाय मला तरी सगळ्यात शहाणा वाटतो.

जाडी विचारायला विसरू नका. दुकानवाले मिलमध्ये बोलतात, हा मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे १२५ मिल म्हणजे जेमतेम ३.२ मिमी आणि ६० मिल म्हणजे दीड मिमी. तळाला जास्त आणि भिंतींना कमी असं चालतं, पण कुठे किती ते बिलावर लिहून घ्या. लोखंडी पत्रा असेल तर चुंबकाच्या तत्त्वावर चालणारं छोटं गेज लावून मोजता येतं, चांगल्या दुकानात ते असतंच, आणि मोजून दाखवा म्हटल्यावर कोणाचा चेहरा पडतो आणि कोण हसत गेज आणतो त्यावरूनच निम्मं कळतं. वजनाची काळजी काही जणांना असते, हौद्याचा आतला भाग पाच-साडेपाच चौरस मीटर धरला आणि सगळीकडे ३ मिमी थर धरला तरी पंधरा ते साडेसोळा लिटर माल होतो, म्हणजे १५ ते २० किलो. एका गोणीपेक्षा कमी. जाऊ द्या.

प्लास्टिकचा तयार टब का नाही घेतला असं बरेच जण विचारतात. स्वस्त आहे, काढता येतो, आणि खरं सांगायचं तर पोचे वाचवण्यात तो स्प्रेपेक्षा भारी आहे कारण पत्रा आणि प्लास्टिक यांच्यात जागा असते. पण त्याच जागेत पाणी आणि माती जाऊन बसते, वरून टब हादऱ्यानं पत्र्यावर घासत राहतो, रंग जातो आणि गंज आतल्या आत वाढतो, ओल्या पायांवर बूट चढवून दिवसभर फिरल्यासारखं आहे ते, वरून सगळं ठीक आणि आत काय चाललंय ते काढल्यावरच दिसतं. स्प्रे पत्र्याला चिकटलेला असतो म्हणून पाणी खाली जायलाच जागा नाही, त्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच. मात्र आधीच गंज धरलेल्या हौद्यावर तसाच स्प्रे मारून घेऊ नका, गंज झाकला म्हणजे थांबला असं होत नाही, पत्रा उघडा पडेपर्यंत घासून, गंजरोधक प्रायमर मारून मगच.

आणि पोच्यांचं आधीच सांगून ठेवतो, स्प्रे लायनर पोचे थांबवत नाही. तीन मिलिमीटरच्या थराकडून काय अपेक्षा करणार. शेवरोलेनं २०१६ मध्ये एक जाहिरात केली होती, फोर्ड एफ-१५० च्या ॲल्युमिनियमच्या हौद्यात लोडरमधून बांधकामाचे ब्लॉक ओतले आणि पत्र्याला भोकं पडली, मग आपल्या स्टीलच्या हौद्यात ओतले तर पोचे आणि ओरखडे. जाहिरातच ती, त्यांच्याच सोयीची, पण पोचे स्टीलला पण पडले हे त्यातच दिसतं. माझ्या हौद्यात पाइपचं एक टोक उंचावरून पडलं तिथे खाली पोचा आहे, लायनर मात्र फाटला नाही, पोच्याबरोबर आत वळलाय आणि तसाच चिकटून आहे. म्हणजे गंज नाही लागणार, पोचा राहणार. एवढंच त्याचं काम आहे आणि ते तो करतो.

घरी मारायचं असेल तर त्यात दोन जाती आहेत. हर्क्युलायनरसारखा एकाच डब्यातला, रबराचे कण मिसळलेला, ब्रश आणि रोलरनं लावायचा, हवेतल्या ओलीनंच घट्ट होतो. दुसरा रॅप्टर, त्यात तीन भाग रंगाच्या बाटलीत एक भाग हार्डनर ओतायचा, हलवायचं, बाटली सरळ गनला लावायची आणि कॉम्प्रेसरवर मारायचं. रॅप्टर दिसतो सुंदर, कुठल्याही रंगात करून घेता येतो, थोडंफार खराब झालं तर स्वतःच परत मारता येतो, पण थर खूप पातळ येतो, तीन मिलिमीटरशी त्याची तुलनाच नाही, त्याला टणक खरखरीत रंग म्हणा हवं तर. हलक्या वापराला पुरतो. मी तो घेतला नाही कारण माझा वापर हलका नाही, मालात काही खोट आहे म्हणून नाही.

पण मास्कचा विषय गमतीवारी नेऊ नका. आयसोसायनेटचा फवारा छातीत गेला तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की नंतर अगदी थोड्या वासानं पण अटॅक येऊ शकतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं २००६ मध्ये खास पिकअपच्या स्प्रे लायनरच्या कामावरच इशारा काढला होता, आणि त्याच्या मथळ्यातच दमा आणि मृत्यू हे दोन्ही शब्द आहेत. प्रोफेशनल माणूस बाहेरून नळीनं ताजी हवा येणारा मास्क घालतो, बंद बूथमध्ये मारतो. तोंडाला रुमाल बांधून गॅरेजचं शटर अर्धं ओढून हे काम करायचं नसतं. दुकान निवडताना पण हे बघाच, ज्याच्याकडे स्वतःच्या पोरांना घालायला धड मास्क नाही तो तुमच्या हौद्याचे कोपरे काय घासणार.

वापरात सगळ्यात जास्त जाणवते ती पकड. ओल्या हौद्यात चढलं तरी पाय घसरत नाही. तीच पकड गुडघ्यांवर उलटते, आत रांगत जाऊन पुढच्या भिंतीजवळचा पट्टा आवळायचा म्हटलं की गुडघे सोलतात, जीन्सची पण वाट लागते. स्प्रेच्या शेवटच्या हाताला जो दाणेदारपणा देतात तो किती बारीक की जाड हे आधी सांगता येतं, मारणाऱ्याला सांगा, बहुतेकांना हे विचारता येतं हेच माहीत नसतं. जाड दाण्यात माती पण बसते, नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण आणि ताठ ब्रश लागतो.

दुसरं म्हणजे रंग. काळा लायनर काळा राहत नाही, उन्हानं राखाडी होतो आणि वर खडूसारखी पावडर धरतो. ॲरोमॅटिक प्रकारचा माल असला की हे होणारच, मजबुतीला फारसा धक्का लागत नाही पण दिसायला गाडी म्हातारी दिसते. ॲलिफॅटिक माल उन्हात टिकतो पण महाग, म्हणून बरेच ठिकाणी खाली ॲरोमॅटिक आणि वर ॲलिफॅटिकचा पातळ हात असं करतात. मी तो वरचा हात घेतला नाही, हौदा काय बघायचाय म्हणून, आणि त्याचं वाईट वाटत नाही. गाडीच्या रंगाचा लायनर करणार असाल तर मात्र तो पाहिजेच, नाहीतर वर्षभरात लाल हौदा विटकरी होऊन बसेल. काळा करायला सिलिकॉनवालं पॉलिश फासू नका, दोन दिवस चमकतं आणि मग त्यावरून सामान पण घसरतं आणि तुम्ही पण.

लाइफटाइम वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी ती पहिल्या मालकापुरती असते, रंग उडणं त्यात धरत नाहीत, आणि चिरलं तर पॅच मारून देतात, पूर्ण नवा नाही. पॅच मजबूत होतो पण दिसतो, जुन्या राखाडीत नवा काळा. आणि हे कायमचं लग्न आहे, नंतर नको वाटला तर हीट गन आणि पटाशी घेऊन खरवडत बसावं लागतं, खालच्या रंगाची आशा सोडूनच. भाड्याची किंवा लवकर विकायची गाडी असेल तर मी तरी मॅट टाकून गप्प बसेन.

इंधनाच्या कॅनबद्दल एक, पंपावर कॅन हौद्यात ठेवूनच भरायची सवय असेल तर सोडा. प्लास्टिकच्या टबवर ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर विजेचा भार साठून ठिणगी पडल्याचे प्रकार झालेत, कारण कॅनचा जमिनीशी संबंधच राहत नाही. स्प्रे लायनर पण त्याच जातीचा, वीज न वाहू देणारा. कॅन खाली जमिनीवर ठेवा, मग भरा.

रेलच्या वरून मारायचा की खालपर्यंतच, हे शेवटी तुमच्या झाकणावर आहे. वरून मारला की रेलचे ओरखडे वाचतात, पण वर झाकण किंवा टॉपर (हौद्यावरची बंद टप) बसवणार असाल तर दाणेदार पृष्ठभागावर त्याचं रबर सपाट बसत नाही आणि पाणी आत झिरपतं, झाकणाचे क्लॅम्प पण त्या वाढलेल्या जाडीत अडतात. त्यामुळे झाकण आधी ठरवा, जमलं तर दुकानात घेऊनच जा आणि रेलवर ठेवून दाखवा. आणि फाळक्याच्या आतल्या बाजूला जे झाकणपट्टीचे स्क्रू असतात ते काढून, पट्टी वेगळी स्प्रे करून परत बसव असं आवर्जून सांगा, माझ्या गाडीला तसं केलंय. वरूनच सरसकट मारला तर स्क्रूची डोकी लायनरखाली जातात आणि पुढे कधी फाळक्याचं हँडल किंवा आतला दांडा बिघडला तर पट्टी उघडायला चांगला लायनर कापावा लागतो.